कोकणातल्या दमट हवेत पिझ्झ्याचं पीठ कसं जमवायचं

मे महिन्यात घर भरलं की चौथ्या दिवशी मुलांना मासे-भात नकोसा होतो. मुंबईहून आलेले पुतणे पडवीत लोळत म्हणतात, "काकी, आज पिझ्झा?" आमचं घर देवगड तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बरंच आत. इथे फोन केला म्हणून दारात पिझ्झा येत नाही. कुणी गाडी काढून तालुक्याला जाऊन आणलाच, तर घरी पोचेपर्यंत चीज खोक्याच्या झाकणाला चिकटलेलं असतं.

म्हणून पहिल्यांदा घरी करायला घेतला तेव्हा एका व्हिडिओत सांगितलं होतं तसंच सगळं केलं. कोमट पाणी, दोन चमचे यीस्ट, आणि पीठ "उबदार जागी दोन तास" ठेवा. उबदार जागा म्हणून मी टोप चुलीच्या वायलाजवळ ठेवला. मे महिना, दुपारचे तीन! तासाभराने झाकण वर उचललं गेलं होतं आणि पीठ टोपाच्या काठावरून खाली ओघळत होतं. वासही माडीसारखा येत होता. सासूबाईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या पीठ फुगला नाय गो, पळाक लागला!" त्या पिठाचा पिझ्झा लाटताना फाटला, आणि भाजल्यावर आंबट नि चामट झाला. मुलांनी वरचं चीज खाल्लं, खालचं कोंबड्यांना गेलं.

चूक कृतीची नव्हती. ती कृती थंड देशातल्या स्वयंपाकघरासाठी होती. जिथे खोलीत २० अंश असतात तिथे पिठाला ऊब द्यावी लागते, कोमट पाणी लागतं, दोन तास लागतात. आपल्या स्वयंपाकघरात मे महिन्यात ३२-३३ अंश असतात, आणि पावसाळ्यात हवाच ओली. इथे पिठाला ऊब द्यायची नसते, त्याला आवरायचं असतं. खाली जे लिहिलंय ते बहुतेक या एका गोष्टीभोवती फिरतं.

आणि आंबवणं आपल्याला काही नवीन नाही. आंबोळ्यांचं पीठ थंडीत रात्रभर लागतं, वैशाखात चार-पाच तासांत वर येतं, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. शेजारच्या गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडीनेच पाव फुगवायचे. पिझ्झ्याच्या पिठाला तोच अंदाज लावायचा, इतकंच.

काय आणि किती

मी अर्धा किलो मैद्याचं पाकीट हेच माप धरते, म्हणजे मैद्यापुरता वजनकाटा लागत नाही. यात २०० ग्रॅमचे चार गोळे होतात. एका गोळ्याचा ९-१० इंची पिझ्झा, म्हणजे चार मोठ्या माणसांचं जेवण.

मैदा ५०० ग्रॅम
पाणी ३०० मिली (सगळं एकदम घालायचं नाही)
मीठ १० ग्रॅम, म्हणजे पावणेदोन लहान चमचे बारीक मीठ
साखर १ लहान चमचा
तेल दीड मोठा चमचा
इन्स्टंट यीस्ट: रात्री मळून दुसऱ्या दिवशी करायचा असेल तर पाव लहान चमचा, त्याच दिवशी हवा असेल तर अर्धा

पाण्यासाठी मापाचं भांडं नसेल तर घरातली बाळाची जुनी दुधाची बाटली काढा, तिच्यावर मिलीच्या खुणा असतात. वाटी-पेल्याच्या अंदाजात मैदा आणि पाणी दोन्ही चुकतं, आणि मग पीठ सैल झालं की आपण वरून मैदा टाकत बसतो.

यीस्ट इतकं कमी बघून पुष्कळ जणी दचकतात. पाकिटावर जास्त लिहिलेलं असतं, कारण त्यांना पीठ लवकर फुगवून दाखवायचं असतं. आपल्याकडे उन्हाळा तेच काम फुकट करतो. जास्त यीस्ट घातलं की पीठ लवकर फुगतं, पण चव येत नाही. गव्हाची खरी चव यायला वेळ लागतो, आणि वेळ द्यायचा तर यीस्ट कमी हवं.

बाजारात कोरडं यीस्ट दोन प्रकारचं मिळतं. बारीक, रव्यापेक्षाही लहान दाण्यांचं ते इन्स्टंट, ते थेट मैद्यात मिसळायचं. जाडसर गोल दाण्यांचं असेल तर ते ॲक्टिव्ह ड्राय. ते आधी अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं ठेवायचं आणि वर फेस आला तरच वापरायचं. हे पाणी त्या ३०० मिलीतलंच. कोमट म्हणजे बोट घातलं तर गरम वाटू नये इतकंच. ५५-६० अंशांच्या पुढे यीस्ट मरतं, आणि मेलेलं यीस्ट कितीही वाट बघितली तरी उठत नाही.

आपल्या हवेत यीस्टचा खरा शत्रू ओल आहे. फोडलेलं पाकीट रबर लावून फडताळात ठेवलं तर एका पावसाळ्यात ते गेलंच. मी पाकीट फोडल्याबरोबर छोट्या काचेच्या बरणीत ओतते, घट्ट झाकण लावून फ्रीजरमध्ये ठेवते आणि कोरडा चमचाच घालते. बरणी बाहेर काढून बोलत उभं राहायचं नाही, आतून घाम धरतो.

मैद्यातला शंभर ग्रॅम कमी करून तेवढी चपातीची कणीक घातली तरी चालतं, चवीला खमंग लागतं. मग पाणी पंधरा-वीस मिली जास्त लागेल, कारण कोंडा पाणी पितो. नाचणी घालायची हौस असेल तर ५० ग्रॅमवर थांबा. नाचणीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पिठाला ताण येत नाही. मी एकदा अर्धी-अर्धी घातली होती. ती चांगली जाड भाकरी झाली, पिझ्झा नाही.

पाणी: थंड, आणि हात राखून

बेकरीवाले एक साधा हिशोब करतात. मळून झालेलं पीठ साधारण २५ अंशांवर हवं. म्हणून २५ गुणिले ३, म्हणजे ७५. त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं, मग मैद्याचं. उरेल ते पाण्याचं तापमान. मे महिन्यात खोली ३२, फडताळातला मैदाही ३२, तर पाणी उरतं ११ अंश. म्हणजे फ्रीजमधलंच. व्हिडिओतलं कोमट पाणी का बुडवतं ते इथे कळतं. डिसेंबर-जानेवारीत हवा गार असते, तेव्हा माठातलं किंवा विहिरीचं ताजं काढलेलं पाणी तसंच घ्या. थर्मामीटर लागत नाही. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात फ्रीजचं, एरवी माठातलं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता पाणी किती. मिरग लागला की मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात, आगपेटी पेटत नाही. मैदाही तसाच हवेतली ओल ओढून घेतो. बाहेरून तो कोरडाच दिसतो, पण जुलैत तेच ३०० मिली पाणी घातलं की पीठ हाताला चिकटतं. म्हणून सुरुवातीला २७० मिलीच घाला आणि ३० मिली बाजूला ठेवा. उन्हाळ्यात ते सगळं लागेल. श्रावणात बहुतेक वेळा अर्धंही लागत नाही. पीठ चपातीच्या कणकेपेक्षा सैल आणि पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं. किंचित चिकट वाटलं तर घाबरू नका, मळता मळता ते सुटतं.

मळणं

परातीत मैदा, साखर आणि यीस्ट कोरडंच हाताने मिसळा. पाणी घालून फक्त एकत्र करा, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत. गोळा खडबडीत आणि कुरूप दिसेल. तो तसाच झाकून वीस मिनिटं सोडून द्या. तोवर लसूण सोला.

ही वीस मिनिटं सगळ्यात कामाची. मैद्यातली प्रथिनं पाणी धरतात आणि त्यांची जाळी आपोआप जुळायला लागते. हीच जाळी पुढे यीस्टने सोडलेला वायू धरून ठेवते. आधीच ताकदीने मळायला घेतलं तर तेच काम दुप्पट वेळात होतं. माझ्यासारखं खांदादुखी असेल तर ही सूट सोडू नका.

मग मीठ पसरवा, राखून ठेवलेल्या पाण्यातलं लागेल तितकं शिंपडा आणि मळायला लागा. मीठ चवीपुरतंच नसतं. ते पिठाची जाळी घट्ट करतं आणि यीस्टला आवर घालतं. मीठ विसरलं तर उन्हाळ्यात पीठ तासाभरात पसरतं. माझं एकदा तसं झालं, चवही भिंत चाटल्यासारखी लागली. मीठ मुरलं की तेल घाला. थोडा वेळ सगळं निसरडं होईल, मग पीठ तेल पिऊन घेतं.

तळव्याने पुढे ढकलायचं, घडी करायची, पाव वळण फिरवायचं, पुन्हा ढकलायचं. आठ-दहा मिनिटं. पुरणपोळीची कणीक तिंबणाऱ्या बायकांना हे शिकवायची गरज नाही. आमच्या सासूबाईंनी पहिल्यांदा हात लावला आणि पाच मिनिटांत पीठ असं झालं की मी गप्प बसले. झालं की नाही हे बघायला लिंबाएवढा तुकडा घ्या, दोन्ही हातांच्या बोटांनी चारही बाजूंनी हळूहळू ताणा. पातळ पापुद्रा होऊन पलीकडचा उजेड दिसला तर झालं. लगेच फाटला तर आणखी दोन-तीन मिनिटं मळा, किंवा दमला असाल तर दहा मिनिटं झाकून ठेवून मग मळा.

तेल आणि साखर कशाला, असं विचारणारे भेटतात. इटलीतल्या नेपल्स शहराच्या पारंपरिक पिठात खरंच दोन्ही नसतं, फक्त मैदा, पाणी, मीठ नि यीस्ट. पण त्यांची लाकडावरची भट्टी ४३० अंशांच्याही वर तापते आणि पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर येतो. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांची ती कला युनेस्कोने २०१७ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपण घरगुती गॅसवर आठ मिनिटं भाजणार. तेवढ्या वेळात तेल नसलेला पिझ्झा वाळून कडक होतो, आणि साखर नसली तर रंग धरत नाही. आग वेगळी, म्हणून पीठही वेगळं.

फुगणं

पिठाला तेलाचा हात लावून ते सरळ भिंतीच्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक डब्यात ठेवा. लोणच्याची मोठी बरणी सर्वात उत्तम, फक्त वास गेलेली असावी. पिठाच्या पातळीवर बाहेरून रबर लावा. मग दुप्पट झालं की नाही हे डोळ्यांना दिसतं. पसरट टोपात ते कळत नाही.

त्याच दिवशी करायचा असेल तर अर्ध्या चमचा यीस्टने उन्हाळ्यात दीड तासाच्या आसपास लागतो, थंडीत तीन. हे आकडे फक्त केव्हा बघायला जायचं ते कळावं म्हणून. आमच्या घरात पूर्वेची खोली आणि मागची पडवी यांतही अर्ध्या तासाचा फरक पडतो. ठेवायला जागा निवडायची ती घरातली सर्वात थंड: माजघरातली फरशी, माठाच्या शेजारी. गॅसजवळ, फ्रीजवर, उन्हाच्या खिडकीत नको.

दुप्पट झालं की बोट मैद्यात बुडवून पिठात नखाएवढं खुपसा. खड्डा हळूहळू अर्धा भरून आला तर तयार. टुणकन परत वर आला तर अजून वेळ आहे. खड्डा तसाच राहिला, किंवा भोवतालचं पीठ सुस्कारा टाकून बसलं, तर उशीर झाला. अशा वेळी पीठ टाकून देऊ नका. ते दाबून वायू काढा, दहा मिनिटं ठेवा आणि लगेच पातळ लाटून तव्यावर घाला. फुगणार कमी, पण लसूण-लोणी लावून खायला वाईट नाही.

रात्रीचं पीठ, जे मी खरं तर नेहमी करते

घाईतलं पीठ मी आता क्वचित करते. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसला की साडेनऊला पाव चमचा यीस्ट घालून पीठ मळते. पाऊण तास बाहेर ठेवते, जरासं हलायला लागलं की चार गोळे करते. गोळा करताना पीठ खालच्या बाजूला गोळा करत ओढायचं, वरची कातडी ताणली पाहिजे, मोदकाचं तोंड मिटतो तसं खाली मिटायचं. प्रत्येक गोळ्याला तेल लावून झाकणाच्या डब्यात, मध्ये जागा सोडून, फ्रीजमध्ये. चार वेगळे छोटे डबे असतील तर जास्तच बरं.

फ्रीजमध्ये यीस्ट झोपत नाही, फक्त मंद चालतं. त्या अठरा-चोवीस तासांत पिठाला जी चव येते ती दोन तासांत येत नाही. शिवाय पीठ मऊ होतं आणि ताणताना भांडत नाही. दोन दिवसही ठेवता येतं. तिसऱ्या दिवशी आंबटपणा जाणवतो, तो काहींना आवडतो. संध्याकाळी उन्हाळ्यात तासभर आधी, थंडीत दीड-दोन तास आधी बाहेर काढायचं. थंड गोळा ताणायला गेलं तर तो रबरासारखा मागे येतो. बाहेर काढल्यावर डब्याला घाम येतो, त्याचं पाणी गोळ्यावर पडू देऊ नका.

यात एक कोकणी अडचण आहे, ती म्हणजे लाईट. पावसात माडाची झावळी तारेवर पडली की तीन तास, कधी रात्रभर. लाईट गेली की पहिलं काम, फ्रीज उघडायचा नाही. बंद फ्रीज तीन-चार तास पीठ सांभाळतो. त्याहून जास्त वेळ गेला तर डबा काढून बघा. गोळे दुप्पट झाले असतील तर त्याच वेळी तव्यावर अर्धे भाजून घ्या (पुढे सांगितलंय), दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उपयोगी पडतात. वादळी पावसाचा इशारा असेल त्या दिवशी मी रात्रीचं पीठ मळतच नाही.

गोळे फ्रीजरमध्ये महिनाभर टिकतात म्हणतात ते खरं आहे, पण जिथे लाईट भरवशाची आहे तिथे. इथे ते अर्धवट वितळून परत गोठतात आणि मग त्यांच्यात जीव राहत नाही.

थापणं

पोळपाटावर मैदा नको, तांदळाचं पीठ भुरभुरवा. भाकरीला लावतो तेच. मैदा ओल पिऊन चिकटतो, तांदळाचं पीठ कोरडं राहतं आणि पिझ्झा तव्यावर सुळकन सरकतो. गोळा त्यावर ठेवून मधून कडेकडे बोटांच्या पेरांनी दाबत जा. कडेला बोटभर जागा सोडा, तिथला वायू तसाच राहू द्या, तीच फुगून काठ होते. मग उचलून दोन मुठींवर फिरवत ताणा. जमत नसेल तर लाटणं घ्या, मी कुणाला सांगणार नाही. तव्यावरचा पातळ पिझ्झा लाटून चांगलाच होतो, फक्त काठ फुगणार नाही. ताणलेला परत आखडत असेल तर त्याच्याशी झगडू नका. दहा मिनिटं फडकं टाकून ठेवा, तो आपणच ऐकतो.

भाजणं: बिडाचा तवा

ओव्हन नसला तरी काही अडत नाही. बिडाचा जड तवा, ज्यावर घावन आणि आंबोळ्या होतात, तोच पिझ्झ्याला सर्वांत चांगला. बीड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे गार पीठ टाकल्यावर तवा एकदम थंड होत नाही. तवा मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडून गेला पाहिजे. नॉनस्टिक असेल तर इतका वेळ रिकामा तापवू नका, त्याचा थर खराब होतो.

थापलेलं पीठ तव्यावर घाला. मिनिटभरात वर बुडबुडे येतात. दीड-दोन मिनिटांनी खाली तपकिरी ठिपके आले की उलटा. आता भाजलेली बाजू वर आली. तिच्यावरच सॉस, भाजी, चीज घालायचं. त्यामुळे सॉसचं पाणी कच्च्या पिठात मुरत नाही. तव्यावरच्या ओलसर, पिठूळ पिझ्झ्याचं नव्वद टक्के कारण हेच असतं की लोक न उलटता वर सॉस ओततात. मग आच मंद करा, झाकण घाला, चार-पाच मिनिटं.

झाकणाला आतून स्वच्छ कोरडं फडकं बांधा आणि त्याची टोकं वर गाठ मारून ठेवा, खाली आगीत लोंबता कामा नयेत. नाहीतर वाफेचं पाणी टपटप चीजवर पडतं. तव्यावर आग फक्त खालून असते, म्हणून चीज वितळेल, पण वर तांबूस होणार नाही. तांबूस हवंच असेल तर ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, लागेल. त्यात बिडाचाच तवा पालथा ठेवून सर्वांत जास्त तापमानावर, बहुतेकांत ते २५० अंश असतं, अर्धा तास तापवायचा आणि त्यावर पिझ्झा आठ-दहा मिनिटं. वीस मिनिटं भाजायला लागलात तर पाव होईल.

वर काय

चार टोमॅटो, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, चमचाभर तेल, मीठ. टोमॅटो किसून, लसूण ठेचून, पळीतून ओघळणार नाही इतकं घट्ट होईपर्यंत आटवा. आपले टोमॅटो पाणीदार असतात, कच्चा सॉस चालत नाही. ओरिगॅनोच्या पुड्या जमवून ठेवायची गरज नाही. ओरिगॅनोच्या वासात थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही दोन द्रव्यं असतात, आणि आपल्या ओव्याच्या वासाचा मुख्य भाग थायमॉलच आहे. अर्धी चिमूट ओवा चुरडून घाला. अंगणात पानओवा असेल तर त्याचं एक पान बारीक चिरून, त्याहून जास्त नको, नाहीतर सर्दीचा काढा लागेल. आमसूल मात्र घालू नका. मीही हौसेने घातलं होतं, टोमॅटो मुळातच आंबट असतो.

मोझरेला एका पिझ्झ्याला ४०-५० ग्रॅम पुरे. प्रक्रिया केलेलं वडीचं चीज वितळतं पण तार सुटत नाही. दोन्ही मिसळलं तर स्वस्त पडतं आणि मुलांना फरक कळत नाही.

वरचं सगळं कोरडं हवं. कांदा, भोपळी मिरची पातळ आणि कमी. कोळंबी घालायची तर आधी हळद, मीठ, लसणावर दोन मिनिटं परतून, सुटलेलं पाणी निथळून घ्या. सोडे भाजून, बोटांनी कुस्करून चीजच्या खाली थोडे घातले तर घरभर वास जातो आणि शेजारीही येतात. बांगडा घालू नका. शिवराक, म्हणजे शाकाहाराच्या, दिवशी मार्च-एप्रिलमधले ओले काजूगर उकडून, किंवा कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, कोरडी भाजी. कुयरीच्या भाजीवर चीज हा प्रकार आमच्याकडे आता दरवर्षी होतो, माहेरी मात्र अजून कुणाला सांगितलेला नाही.

दहा माणसांची पंगत

चाकरमानी आले की दहा-बारा माणसं असतात, आणि तव्यावर एका वेळी एकच पिझ्झा होतो, त्याला आठ मिनिटं. करणारी बाई शेवटी उरलेलं थंड खाते. हे टाळायला मी दुपारीच सगळे गोळे थापून दोन्ही बाजूंनी मिनिटभर, डाग पडण्याच्या आत, अर्धे भाजून ठेवते. जाळीवर पूर्ण गार करून, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. गरम असताना डब्यात घातले तर ओलावा धरतो. रात्री दोन तवे लावायचे, आणि सॉस-चीज पसरायचं काम मुलांकडे द्यायचं. मग एक पिझ्झा चार मिनिटांत उतरतो. मोठा पुतण्या एकदा वर इतकं चीज घालत होता की सासूबाई म्हणाल्या, "बाबा, पिठाक पण तोंड दिसूंदे."

उरलेला पिझ्झा आपल्या हवेत बाहेर ठेवायचा नाही, फ्रीजमध्येच. सकाळी तव्यावर मंद आचेवर ठेवा, बाजूला तव्यावरच पाण्याचे चार थेंब शिंपडून दोन मिनिटं झाकण घाला. खालून कुरकुरीत होतो, वरून चीज परत मऊ होतं.

आणि एखादा गोळा उरलाच, तर तो फ्रीजमध्ये राहू द्या. पुढच्या दोन-तीन दिवसांत नवीन अर्धा किलो मळताना त्यातला शंभर ग्रॅम तुकडे करून पाण्यात कालवून घाला, आणि नवं यीस्ट नेहमीच्या निम्मं करा.